डोंगर तुम्हाला लागला नव्हता

अहो,

तुम्ही गेलात त्या सकाळी मी तुमची थट्टा केली. ते आधीच लिहून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि नेमकं तेवढंच राहून जाईल. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

हळदीला पाणी पाजून तुम्ही आलात, पाय धुतलेत आणि सोप्याच्या पायरीवर बसलात. मी आतून विचारलं, "चहा टाकू का?" तुम्ही म्हणालात, "थांब जरा. जमंना गं आज मला." आणि मी काय म्हणावं? "का? डोंगर लागला वाटतं!" एखाद्याला गाडी लागते तसा आमच्या पैलवानाला आफ्रिकेत डोंगर लागला, ही आपल्या घरातली सहा-सात वर्षांची जुनी थट्टा. आत आत्याबाई हसल्या. मीही हसले. आधण ठेवलं, साखर टाकली, आलं ठेचलं, आणि कप घेऊन बाहेर आले तर तुम्ही खांबाला डोकं टेकून बसला होतात. सांगलीहून डॉक्टर येईपर्यंत सगळं आटपलं होतं.

त्याला आता पंधरवडा होत आला. लोक येतात, बसतात, तुमचं चांगलं बोलतात. मी मान हलवते. मला कुणीच विचारत नाही, की बाई, तू शेवटचं काय बोललीस त्यांच्याशी?

काल गणू पैलवान आले. तालमीत तुमचे जोडीदार, तुमच्याइतकेच थोराड, पण काल सोप्यात घोंगडीवर बसले ते अगदी अंग चोरून. मला कुणाजवळ तरी ते बोलायचंच होतं, म्हणून त्या सकाळचं सगळं सांगितलं, माझी थट्टासुद्धा. त्यांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "वयनी, सांगू नगंस म्हणला हुता. पर आता कुणासाठी झाकू? डोंगर त्याला लागलाच न्हवता. तुमास्नी लागला हुता."

हे ऐकून मला धक्का बसायला हवा होता. तो बसला नाही. का बसला नाही तेही सांगते, पण त्याआधी बाकीचं आठवू दे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "शांते, पहिल्यापास्नं सांग, मधनंच काय धरतीस."

खूळ माझंच होतं. नैरोबीला रेल्वेत नोकरी करणारे थोरले भाऊजी दरवर्षी कॅलेंडर पाठवायचे. एका वर्षीच्या कॅलेंडरावर तो डोंगर होता. खाली गवत, गवतात जिराफ, आणि वर पांढरं टोपडं घातलेला एवढा मोठा डोंगर. भाऊजी आईला, म्हणजे आत्याबाईंना, बोलवत होते, बोटीची तिकिटं पाठवतो म्हणत होते, आणि आत्याबाई समुद्र ओलांडायला तयार नव्हत्या. "तुमीच जावा दोघं," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या लेकाला बघून या." मी त्या कॅलेंडराकडे बोट करून तुम्हाला विचारलं, "हा चढता येतो का हो?" तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "इचारू की दादाला."

माझं माहेर साताऱ्याला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. लहान असताना भावाच्या मागे मी किल्ल्यावर पळत जायची. मग एक दिवस आईने सांगितलं, आता तू मोठी झालीस, पुरे. भाऊ पुढे फौजेत गेला, डोंगरावर डोंगर चढला. मी खालून किल्ला बघत राहिले, आणि लग्न होऊन आले ते तुमच्या सपाट मुलखात, कृष्णाकाठी, जिथे उसाच्या वर काही उंच दिसत नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं होतं ते मला आठवत नाही. पण तुमच्या लक्षात होतं.

चीनची लढाई व्हायच्या आधीचा हिवाळा. भाऊजींचा होकार आला आणि आपली तयारी सुरू झाली. तयारी कसली, आख्ख्या गावाची करमणूक! बाईने घालायचे बूट सांगलीत मिळेनात, म्हणून माझ्या भावाने फौजेतले सगळ्यात लहान मापाचे बूट पाठवले, तेही मला दोन पायमोज्यांवर सैल. नवे बूट डोंगरात नेले तर पाय सोलून निघतो, आधी ते पायाला सवयीचे करावे लागतात, असं त्याने बजावलं होतं. तुम्ही त्यांना रोज एरंडेल चोळलंत आणि मी ते घालून गोठ्यात फिरू लागले. शेण काढायचं, वैरण टाकायची, सगळं बुटांत. आत्याबाई कपाळाला हात लावायच्या. "काय बाई ह्यो अवतार! जैनाच्या घरात कातड्याचं बूट घालून सून फिरतीया. उंबऱ्याच्या आत आणशील तर बघ." तुम्ही म्हणायचात, "आये, म्हशीस्नी चालतंय, तुलाच का डाचतंय?"

लेंग्याचं तर विचारू नका. डोंगरात साडी चालायची नाही, आत जाड लोकरी लेंगा हवा, असं जाऊबाईंनी कळवलं होतं. बायकोच्या लेंग्याचं माप शिंप्याला कसं द्यायचं? तुम्ही बाबू शिंप्याला जाऊन सांगितलंत, पुतण्यासाठी शिवायचाय, बारीक अंगाचा आहे, उंची माझ्या खांद्याला. शिंपी म्हणाला, "कंबर सांगा." तुम्ही दोन्ही हातांनी हवेत माझी कंबर दाखवलीत. लेंगा इतका बरोबर बसला की मलाच लाज वाटली. आणि बाबू शिंपी पुढे कितीतरी दिवस विचारायचा, "पैलवान, पुतण्या कसा हाय?"

आणि बैठका! पहाटे गोठ्यामागे, कुणी उठायच्या आत. मी काष्टा मारून उभी, आणि तुम्ही समोर वस्तादासारखे हाताची घडी घालून. "गुडघा म्होरं जाऊ देऊ नगं. श्वास नाकानं घे. तोंड मिट." पहिले आठ दिवस मला जिना उतरता येत नव्हता. मग तुम्ही लांबच्या दंडोबाच्या डोंगरावर नेऊ लागलात, पाठीवर हळकुंडांची पिशवी बांधून. माझी पिशवी हळूहळू जड होत गेली. तुम्ही गुपचूप मूठमूठ हळकुंडं वाढवत होतात, हे मला फार उशिरा कळलं. मग तुमच्या पिशवीत मी दगड टाकला. तो तुम्ही वरपर्यंत नेलात आणि वर गेल्यावर काढून म्हणालात, "हे काय, खडीसाखर व्हय?"

त्या वेळी तुम्ही मला एक शिकवलंत. दंडोबाच्या अर्ध्या वाटेवर माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी "आई गं" म्हणून खाली बसले. तुम्ही म्हणालात, "दुखणं तोंडावर दाखवायचं न्हाई. मैदानात समोरच्याला कळलं की तुझा खांदा दुखतोय, की त्यो तिथंच धरतोय. डोंगर बी तसाच." मी मान डोलावली. खरं तर मला हे शिकवायची काही गरज नव्हती. अंगात ताप असताना पंधरा माणसांच्या भाकऱ्या थापून, वर "काही नाही, चुलीची धग लागली," म्हणणारी मी. आम्हा बायकांची तालीम तुमच्याहून जुनी. पण तुम्ही तोंडाने म्हणालात, आणि माझी जन्माची खोड एकदम पैलवानकी ठरली. मला केवढा अभिमान वाटला होता!

दुखणं झाकायचा हा धडा म्हणजे पहिली चूक; दुसरी खुराकाची. जग बुडालं तरी तूप खाल्लं की माणूस तरतो, यावर तुमचा भारी विश्वास. आपल्याला डब्यातलं परक्याच्या हातचं चालणार नाही, मांस-अंड्याचा प्रश्नच नाही, म्हणून सगळं खाणं घरून न्यायचं ठरलं. आत्याबाईंनी आणि मी डिंकाचे लाडू वळले, बदाम घालून, तुपात नुसते बुडवून. भाजलेले शेंगदाणे, मेतकूट, दशम्या, कोरडी चटणी. लाडवांचे दोन डबे तुम्ही स्वतः डाग देऊन बंद करून आणलेत. भाऊजींनी भात, सूप, पातळ काहीतरी न्या असं कळवलं होतं. तुम्ही म्हणालात, "दादा कारकून माणूस. सूप पिऊन कुणी कुस्ती मारलीय का?"

माणदेशातल्या धनगराकडून दोन घोंगड्या आणल्या, दहिवडीच्या बाजारातून. मुंबईला पिवळ्या तापाची सुई टोचून घेतली. तुम्ही एवढे धिप्पाड, पण सुई बघून भिंतीकडे तोंड केलंत आणि मला म्हणालात, "आधी तू घे." बोटीवर हिवतापाच्या गोळ्या वाटल्या तेव्हाही मीच तुम्हाला गोळी गिळायला लावली, पोराला लावते तशी. बोटीवरची जेवणाची घंटा नेमकी दिवस मावळल्यावर व्हायची, म्हणून आपण उजेड असताना डेकवर दशम्या सोडून बसायचो. आणि मोंबासाला उतरल्यावर जकातीच्या साहेबाने घोंगडी नाकाशी नेली आणि झटकन खाली ठेवली. तुम्ही त्याला मराठीत समजावलंत, "मेंढी हाय साहेब, वाघ न्हाई." त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण तोही हसला आणि आपल्याला सोडलं.

भाऊजींनी आधी जनावरं दाखवली. भडक काही नेसू नका, अत्तर नको, गजरा नको, धूळ फार, नाकाला फडकं बांधा. मी तुमचा खाकी सदरा घातला आणि डोक्याला पंचा गुंडाळला. जाऊबाई म्हणाल्या, अगदी शिकाऱ्यासारखी दिसतेस. सिंह बघून मात्र तुमचा विरस झाला. झाडाखाली उताणा पडलेला, पोटावर माश्या. "ह्यो कसला राजा, ह्याला खुराक जास्ती झालाय." मग दोन हरणांनी शिंगाला शिंग लावलं तशी तुम्ही गाडीच्या टपातून अर्धे बाहेर! "धर, धर, आता लोटतंय बघ त्यो... आरं पाय मागं घे!" गाडीवाला तुम्हाला आत ओढत होता. मी इतकी हसले की माझ्या पोटात दुखायला लागलं. आज हे लिहितानाही हसू आलं, आणि मग शेजारच्या खोलीत आत्याबाई आहेत हे आठवून मी तोंडावर हात ठेवला.

डोंगराला जायच्या आदल्या दिवशी भाऊजींच्या ओळखीचे एक डॉक्टर आले होते. त्यांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं. वर हवा विरळ असते. ताकदीचा तिथे उपयोग नाही, सावकाश चाला. डोकं दुखायला लागलं तर सांगा. ओकारी आली, तोल जाऊ लागला, बोलण्यात चूक व्हायला लागली, तर त्याच पावली खाली उतरा, शिखर अगदी समोर असलं तरी. मी सगळं ऐकत होते. शब्दन् शब्द मला आजही पाठ आहे. म्हणून म्हणते, मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पहिल्या दिवशी रान होतं, झाडांवर शेवाळाच्या दाढ्या. आपला म्हातारा वाटाड्या पुढे चालायचा आणि मागे न बघता म्हणायचा, "पोले, पोले." म्हणजे हळू, हळू. तुम्हाला तो शब्द फार आवडला. दुसऱ्या दिवशी झाडं संपली आणि माझं डोकं दुखायला लागलं. मी बोलले नाही. संध्याकाळी झोपडीत तुम्ही डिंकाचा लाडू हातावर ठेवलात. त्या तुपाच्या वासानेच मला ओकारी येईलसं वाटलं. मी लाडू खाल्ल्याचं दाखवलं आणि बाहेर जाऊन एका हमालाला देऊन टाकला. सकाळचाही दिला, दुपारचाही दिला. त्या बिचाऱ्याला ते लाडू एवढे आवडले की तो माझ्या आगेमागेच राहू लागला. तुम्ही विचारायचात, "खाल्लंस?" मी म्हणायची, "खाल्लं की."

मग ते पठार आलं. एका बाजूला काळं, दातेरी शिखर, दुसऱ्या बाजूला आपलं पांढरं, आणि मधे मैलोन्‌मैल नुसती खडी नि वारा. झाड नाही, गवत नाही. तिथे दुपारी तुम्ही एका दगडावर बसलात, टोपी काढलीत आणि म्हणालात, "शांते, मला न्हाई जमत. छाती भरून आली. खाली जाऊ."

मी केवढी भांडले! वाटाड्यासमोर, हमालांसमोर. म्हटलं, एवढं महिनोन्‌महिने राबवलंत मला, आणि आता समोर दिसतंय तर बसलात? पैलवान म्हणवता? थोडं थांबा, पाणी प्या, उद्या जाऊ. तुम्ही फक्त मान हलवत होतात. वाटाड्या एकदा तुमच्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. मग त्याने सामान उलटं फिरवायला सांगितलं. उतरताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात टाकलात. मला वाटलं, आधार मागताहात. घरी आल्यावर मी बायकांना सांगायची, एवढा मोठा गडी मी खांद्यावर घेऊन डोंगर उतरले!

काल गणू पैलवानांनी ते उलगडून सांगितलं. तुम्ही त्यांना एकदाच बोलला होतात म्हणे. माझे ओठ जांभळे पडले होते. मी सरळ चालत नव्हते. आणि मी तुम्हाला विचारत होते की गोठा कुठे आहे, म्हशीला पाणी दाखवायचंय. मला यातलं काहीसुद्धा आठवत नाही. हमाल लाडू खातोय हेही तुम्ही आदल्या दिवशीच बघितलं होतंत. गणू पैलवानांनी तुम्हाला विचारलं, "मग सरळ सांगायचं की तिला, तू आजारी हायस, चल खाली." तर तुम्ही म्हणालात, "ती आली नसती. दुखणं झाकायला मीच शिकवलंया. आणि आली असती तरी जन्मभर म्हणली असती, मी हरले. हरायची सवय मला हाय, मैदानात लय येळा हरलोय. तिला न्हाई."

"वयनी," गणू पैलवान म्हणाले, "जन्मात त्येनं एकच नुरा कुस्ती केली. ती तुमच्यासंगं." ठरवून हरायची कुस्ती म्हणजे नुरा, आणि त्या शब्दाचा तुम्हाला किती संताप होता ते मला ठाऊक आहे. कुणी नुरा खेळला असं नुसतं कानावर आलं तरी तुम्ही त्याच्या घरचं पाणी पीत नव्हतात.

आता मला धक्का का बसला नाही ते सांगते.

तुम्ही त्या दगडावर बसून "मला न्हाई जमत" म्हणालात, तेव्हा पहिल्यांदा मला काय वाटलं असेल? सुटले. एवढंच वाटलं. माझं डोकं फुटत होतं, दोन दिवस पोटात अन्न नव्हतं, प्रत्येक पाऊल टाकताना मी मनात म्हणत होते, कुणीतरी थांबा म्हणा, कुणीतरी थांबा म्हणा. तुम्ही म्हणालात. मला तुमच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. आणि त्याच्या पुढच्या क्षणी मी भांडायला लागले, कारण तुम्ही हरला होतात, म्हणजे मला आता हरायचं कारण उरलं नव्हतं. माझे ओठ जांभळे झाले ते मला माहीत नव्हतं. पण मी वर पोचले नसते, हे मला पक्कं माहीत होतं. ते माहीत असून मी इतकी वर्षं ती गोष्ट सांगितली. हळदीकुंकवाला सांगितली, बारशाला सांगितली, माहेरी साताऱ्याला भावाच्या सैन्यातल्या दोस्तांना सांगितली. "मी पोचलेच होते, पण आमच्या पैलवानाला डोंगर लागला!" दर वेळी त्यात थोडं तिखटमीठ वाढत गेलं. माझी जीभ म्हणजे ना, हाड नसलेली.

आणि त्याची तुम्हाला काय किंमत पडली, तेही मी बघत होते. आपण परत आलो त्या वर्षीच्या जत्रेत तुम्ही पंच म्हणून मैदानात उभे राहिलात. एका पोराला तुम्ही "दम धर, दम धर" म्हणालात, तर गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पैलवान, तुमी धरला हुता का?" सगळं मैदान हसलं. तुम्हीही हसलात. पुढच्या वर्षी पंच व्हायला बोलवायला आले तर म्हणालात, रानात पाण्याची पाळी आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही पाळीच होती. जत्रेच्या दिवशी तुम्ही हळदीच्या रानात एकटे, आणि गावात हलगी वाजत होती, तिचा आवाज रानापर्यंत येत होता. मी तुम्हाला भाकरी घेऊन आले होते. तुम्ही पाटाच्या कडेला बसून कान देऊन ऐकत होतात. मला दिसलं. मला कळलंही. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. मी म्हटलं, "भाजी निवतेय, जेवून घ्या."

तुमच्याशी मी चांगली वागले की नाही, असं लोक मला विचारणार नाहीत. सगळे म्हणतात, काय जोडा होता! होताच. भांडलो कमी, हसलो फार. पण हसताना खर्च कुणाचा होत होता, ते तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत होतं, आणि आपण दोघंही एकमेकांपासून झाकत होतो. तुम्ही माझी लाज झाकलीत. मी काय झाकत होते? माझीच. म्हणजे दोन्ही बाजूंनी माझंच झाकलं गेलं, आणि तुमचं उघडं पडलं. कधी कधी वाटतं, तुम्हाला खडसावून विचारावं, की कुणी सांगितलं होतं एवढं मोठेपण घ्यायला? त्या दगडावरच माझा दंड धरून ओढलं असतं, चार लोकांत रागावला असता, तर मी चार दिवस रुसले असते आणि मग सरळ झाले असते. तुम्ही मला तेवढी संधीही दिली नाहीत. बघा, आत्ताही मी तुमच्याशीच भांडते आहे.

आज दुपारी बायका बसायला आल्या होत्या. आत्याबाई भिंतीशी, मी त्यांच्या शेजारी. कोपऱ्यावरच्या सुंदराकाकू, मनाने चांगल्या. मला दोन आठवड्यांत कुणी हसताना बघितलं नाही, म्हणून त्यांना वाटलं असेल, बाईचं मन जरा दुसरीकडे वळवावं. म्हणाल्या, "केवढा हसरा माणूस. तुझी ती डोंगराची गोष्ट सांगायला लागलीस की स्वतःसुद्धा हसायचा. त्याला डोंगर लागला हुता न्हाई का गं?"

सगळ्याजणी माझ्याकडे बघू लागल्या. एकीच्या ओठांवर हसू तयारच होतं. मी म्हटलं, "नाही काकू. त्यांना नव्हता लागला. मला लागला होता. मी खोटं सांगत होते." आणि मग सगळं सांगितलं, लाडवांपासून गोठ्यापर्यंत, आणि दगडावर तुम्ही बसलात तेव्हा मला काय वाटलं तेही.   मला वाटलं, आता आत्याबाई उठून आत जातील. त्यांच्या लेकाला मी त्यांच्यासमोर वर्षानुवर्षं हसत होते, आणि त्याही माझ्याबरोबर हसल्या होत्या.

त्या उठल्या नाहीत. पुढे बघतच म्हणाल्या, "मला ठावं हुतं."

मी म्हटलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाय कशाला पायजे? माझ्या पोटचं हाय. पाठीवर दोन पोती घिऊन माडी चढणारं प्वार डोंगराला दमतंय व्हय?" त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच वाहू दिलं. "मी इचारलं त्येला एकदा. म्हटलं, लेका, बायकू चार जणांत तुला हसतीया, मी बी हसतीया, तुला काय वाटत न्हाई? तर म्हणला, आये, डोंगराचं सांगाय लागली की ती कशी दिसती बघितलीस का? तेवढ्यापुरती ती वर जाऊन आल्याली असती. सांगू दे तिला."